भट्टीपुढचे हात

यंदाच्या आनंदमेळाव्यात सर्वांत आधी कोणता स्टॉल रिकामा झाला, आठवते ना? आमच्याच वर्गातील एका मैत्रिणीने घरी भाजून आणलेल्या दालचिनीच्या गोड रोल्सचा! "यीस्ट घालून, घरी केलेस?" असे म्हणत प्राध्यापकांनीही तिचे तोंडभर कौतुक केले. ते योग्यच होते. मीही टाळ्या वाजवल्या. पण घरी परतताना एक प्रश्न मनात सलत राहिला. हेच काम माझे वडील वीस वर्षे करीत आहेत. त्यांच्यासाठी टाळी कधी वाजली?

आमचे अण्णा बेकरीत भट्टीवर कामाला आहेत. आम्ही निजतो तेव्हा ते घराबाहेर पडतात. त्यांनी घरी पाव केलेला मी एकदाच पाहिला. २०२० च्या टाळेबंदीत, मी नववीतून दहावीत गेले त्या उन्हाळ्यात, बेकरी बंद होती. रिकामे बसणे असह्य होऊन अण्णांनी एके दिवशी अर्धा किलो मैदा, पाऊण वाटी साखर, थोडे लोणी आणि दोन लहान चमचे यीस्ट परातीत घेतले. दुधात बोट बुडवून ते म्हणाले, "चटका बसला तर खमीर मेलं समज." पुढे म्हणाले, "गोड पिठाला घाई करायची नाही. साखर जास्त, की फुगायला उशीर."

त्याचे कारण मला पुढे पुस्तकात सापडले. साखर पाणी ओढून घेते, म्हणून यीस्टचे काम मंदावते. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते आणि मळलेल्या पिठातील चिवट जाळे तो वायू धरून ठेवते. किण्वन ही सजीवांची क्रिया आहे, हे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केले. सातवी शिकलेल्या अण्णांना पाश्चर ठाऊक नाही. पण पीठ तयार झाले की नाही, हे त्यांचे बोट सांगते. हे ज्ञान नव्हे काय?

कढईत मिठाचा थर, त्यावर रिंग, रिंगेवर थाळी आणि वर झाकण, अशी आमची भट्टी! पहिला घाणा वरून मऊ आणि खालून काळा झाला. अण्णा ओशाळले. धाकट्या भावाने मात्र काळे कापून सगळे फस्त केले.

सुधारणा चळवळीच्या इतिहासात आपण परमहंस मंडळीविषयी वाचतो. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या या मंडळीत दीक्षा घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. पाव कोणी केला, यावर तेव्हा धर्म बुडत असे. आज धर्म बुडत नाही. पण पाव कोणी केला, यावर त्याची किंमत मात्र अजूनही ठरते. हौसेने केला तर कला, पोटासाठी केला तर 'पाववाला'!

कोणी म्हणेल, छंद आणि मजुरी यांची तुलना कशाला? मान्य आहे. एका दुपारी रोल भाजणे हा आनंद असतो. रोज रात्री भट्टीपुढे उभे राहणे हा नव्हे. त्या कष्टांचे गोडवे मला गायचे नाहीत. त्यांना पुरेसा मोबदला हवा, विश्रांती हवी. मैत्रिणीने रोल करणे सोडावे, असेही माझे म्हणणे नाही. उलट प्रत्येकाने एकदा तरी पीठ मळावे. दुखऱ्या मनगटांना पावाची खरी किंमत कळेल! माझे मागणे एवढेच, की व्याख्यात्यांना आपण जी शाल आणि श्रीफळ देतो, ती वर्षातून एकदा भट्टीवाल्याला, शिंप्याला, कुंभाराला द्यावी आणि त्यांच्याकडून तासभर शिकावे.

मात्र दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी एक कबुली द्यायला हवी. महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी दोन्ही वर्षे 'नोकरी' असे लिहिले. ते खोटे नव्हते. पण का लिहिले, ते मला ठाऊक आहे. अण्णांसाठी टाळी वाजली नाही असे म्हणते, तेव्हा न वाजवणारे पहिले हात माझेच आहेत.

तृतीय वर्षाचा अर्ज आता भरायचा आहे. त्या रकान्यात मी लिहिणार आहे : बेकरी कारागीर.