मराठीचा वर्ग, ध्वनिमुद्रण आणि बोली

मराठीच्या अध्यापनात तंत्रसाधनांचा वापर व्हावा की नाही, याविषयी आता कोणी वाद घालीत नाही. वाद असलाच तर कोणते साधन आणि कशासाठी, एवढाच असू शकतो. आणि नेमका तोच आपल्या चर्चासत्रांतून क्वचित होताना दिसतो. महाविद्यालयांनी प्रक्षेपक घेतले, भिंतीवर पडदे आले आणि फळ्यावरची टिपणे पडद्यावर उमटू लागली. विद्यार्थी पूर्वी ती उतरवून घेत, आता त्यांचे छायाचित्र घेतात. यात श्रम वाचले हे खरे; भाषेचे शिक्षण मात्र होते तिथेच राहिले. आपण यंत्राकडूनही अक्षराचेच काम करून घेतो, आणि मराठीच्या वर्गात उणीव आहे ती ध्वनीची.

अहिल्यानगर (2024 पूर्वीचा अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातील महादेव कोळी व ठाकर समाजांतील मुले, पाथर्डीकडून दरवर्षी ऊसतोडणीसाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांतील मुले आणि प्रवराकाठच्या बागायती गावांतील मुले पदव्युत्तर वर्गात शेजारी बसतात. त्यांची मराठी एक नसते. 'व्हतं', 'मंग', 'इळा', 'पानी' असे उच्चार घेऊन आलेला विद्यार्थी पहिल्या सत्रातच गप्प होतो, हा अनुभव येथील अध्यापकांना नवा नाही. लेखी परीक्षेत तो उत्तीर्ण होतो, त्यामुळे त्याच्या मौनाची नोंद कुठेच होत नाही.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपासून विद्यार्थ्यांना एक स्वाध्याय देण्यास प्रारंभ केला आहे. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीचे दहा मिनिटांचे बोलणे तिच्या संमतीने भ्रमणध्वनीवर मुद्रित करावे आणि जसे ऐकू येते तसेच लिहून आणावे. पहिल्या खेपेस जवळजवळ सर्वांच्या वहीत ग्रांथिक मराठी येते. आजी 'येळ' म्हणते, वहीत 'वेळ' असते. यात अप्रामाणिकपणा नाही. शाळेने घडविलेला कान ऐकता ऐकताच दुरुस्ती करतो. तोच तुकडा वर्गात तीन-चार वेळा ऐकविल्यावर फरक जाणवू लागतो. मग असे घडते, की ज्याच्या बोलण्याला एरवी हसू येई, तोच त्या तासाचा जाणकार ठरतो. कारण अडलेला शब्द फक्त त्यालाच कळलेला असतो. एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, आजी अशुद्ध बोलते, ते तसंच लिहू का?" तो सबंध तास या एका प्रश्नावर गेला. प्रमाणभाषा व बोली यांवरील माझ्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा तो अधिक उपयोगी ठरला असावा.

काहींनी बोलून लिहिण्याच्या सोयीचा आधार घेतला. त्या यंत्रानेही आजीचे 'येळ' पुसून 'वेळ' केले. यंत्राचे शिक्षणही आपल्यासारखेच झालेले दिसते! लिपीची मर्यादाही याच ओघात उघड होते. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' हे 'जगणे'चे आज्ञार्थी रूप, हे लेखनात एक. 'ज'च्या उच्चारात मात्र भिन्न. हा भेद पडद्यावर दाखविता येत नाही, तो ऐकवावाच लागतो.

श्रवणाला अभ्यासाचे साधन मानणे ही आयात केलेली कल्पना नव्हे. याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके 1212 मध्ये ज्ञानदेवांनी निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, अशी परंपरा आहे. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'साठी चक्रधरांना पाहिलेल्या-ऐकलेल्यांकडे जाऊन आठवणी मिळविल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. क्षेत्रीय अभ्यासाची शिस्त याहून वेगळी ती काय? ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 मध्ये निघाला. पुढे 1913 ते 1929 या काळात भारतीय भाषांच्या ग्रामोफोन तबकड्याही करून घेण्यात आल्या. केवळ मुद्रित नमुने अपुरे पडतात, हे तेव्हाही जाणवले असावे. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले म्हणून आज त्यांची चाल ऐकता येते. ज्या केवळ कागदावर उतरल्या, त्यांचे शब्द तेवढे उरले. डेक्कन महाविद्यालय व राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेले बोलींचे सर्वेक्षण संकेतस्थळावर खुले आहे. अभ्यासक्रमात 'बोलीविज्ञान' शिकविताना ते किती वर्गांत ऐकविले जाते, हा प्रश्न मात्र विचारावासा वाटतो.

खर्चाची सबब येथे टिकत नाही. मुद्रणाचे साधन बहुतेक विद्यार्थ्यांच्या खिशात आहे. खरी अडचण जतनाची आहे. गुणदान झाले की मुद्रणे पुसली जातात, भ्रमणध्वनी बदलला की हरवतात. प्रत्येक मराठी विभागाने आपल्या तालुक्यांचा छोटा ध्वनिसंग्रह ठेवावा. प्रत्येक मुद्रणासोबत गाव, वय, दिनांक आणि बोलणाऱ्याची लेखी संमती असावी. आणि अंतर्गत मूल्यमापनात टिपणवहीइतकेच गुण या कामाला असावेत, असे सुचवावेसे वाटते. आमच्याकडील मुद्रणे सध्या कपाटातील दोन पेनड्राइव्हांत आहेत. त्यांपैकी एक गेल्या वर्षापासून उघडत नाही, आणि त्यात ज्यांचा आवाज होता त्यांतील दोन आजी आता हयात नाहीत.