फासे, पत्ते आणि पण : ब्रिजला जुगार ठरवणाऱ्या समाजाचा इतिहास

१/१८
नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरात कोरलेल्या चोवीस लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. ती बौद्ध लेणी आहेत, सातवाहन आणि क्षत्रप यांच्या शिलालेखांनी समृद्ध आहेत. तरीही लोकस्मृतीने ती फाशांवर राज्य हरून वनात गेलेल्या राजपुत्रांच्या नावे केली. द्यूताची ती कथा आपल्या मनात इतकी खोल रुजली आहे, की टेबलावर पत्त्यांचा जोड दिसताच आजही घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. त्या आठीचा इतिहास आणि तिला द्यावयाचे उत्तर या थ्रेडमध्ये.

२/१८
नाशिकचा विदित गुजराथी २०१३ मध्ये बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर झाला आणि २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. शहराला त्याचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. परंतु याच शहरातील एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीने ‘मला स्पर्धात्मक ब्रिज खेळायचे आहे’ असे सांगितले, तर घरातून येणारे पहिले वाक्य बहुधा ‘पत्ते कुटून पोट भरणार का?’ हेच असेल. पट आणि पत्ते यांच्यात हा भेद कोठून आला?

३/१८
प्रारंभ द्यूतापासून करावा लागेल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे. तेथील फासे म्हणजे विभीतकाची, आपल्या बेहड्याची, फळे. कौटिल्याने द्यूतावर सरसकट बंदी घातली नाही. त्याने द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एका ठरावीक जागी आणला आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच असा राजभाग घेतला. म्हणजे राज्यसंस्थेची नजर प्रथमपासून खेळातील पैशावर होती.

४/१८
महाभारताची साक्ष याहून सूक्ष्म आहे. सभापर्वातील द्यूत सर्वांना ठाऊक असते, वनपर्वातील नलोपाख्यान मात्र सहसा विसरले जाते. फाशांवर राज्य गमावलेल्या नलाला राजा ऋतुपर्ण भेटतो. एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे तो केवळ दृष्टिक्षेपात मोजतो. ती गणना अचूक ठरते आणि नल त्याच्याकडून ‘अक्षहृदय’ ही विद्या शिकून राज्य परत मिळवतो.

५/१८
वनवासी युधिष्ठिराला ही कथा ऐकवणारे बृहदश्व ऋषी अखेरीस त्यालाही ती विद्या देतात. दैवाच्या खेळातही मोजणीचे, अनुमानाचे शास्त्र असते आणि ते शिकता येते, हे आपल्याच परंपरेने सांगून ठेवले आहे. ब्रिज हा नेमका या अर्थाने अक्षहृदयाचा खेळ आहे. प्रत्यक्ष न दिसणारे पत्ते दिसणाऱ्या पत्त्यांवरून मोजणे, हीच त्यातील पहिली विद्या.

६/१८
पत्ते भारतात आले ते गंजिफाच्या रूपाने. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या गंजिफाचे वर्णन केले आहे. पुढे या परकीय खेळाला दशावतारांचे रूप मिळाले. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १२० गोल पत्ते. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. दिवसा रामाच्या रंगाने, रात्री कृष्णाच्या रंगाने उतारी.

७/१८
या खेळात कोणती पाने पडून गेली आणि कोणती शिल्लक आहेत, हे लक्षात ठेवणाराच जिंकत असे. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी ती कला जोपासली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील राजघराण्याने तिचे पुनरुज्जीवन केले. मात्र वाचली ती चित्रकला. खेळ हरवला. आज दशावतारी गंजिफा दिवाणखान्यात चौकटीत लटकते, ती खेळू शकणारी माणसे मात्र शोधावी लागतात. एखादा खेळ मरतो तो असा, सुंदर वस्तू मागे ठेवून.

८/१८
बावन्न पत्त्यांनी मराठी घरात मात्र घट्ट मूळ धरले. इस्पिक आणि किलवर ही नावे युरोपीय, पण दुरी, तिरी, चौरी, पंजी अस्सल आपल्या जिभेची. मेंढीकोटात समोरासमोरचे भिडू, हुकूम आणि हात ही सारी रचना आहेच. इंग्रजांचा व्हिस्ट हा त्याच कुळातील. ‘हुकमाचा एक्का’, ‘पत्ता कापणे’ हे शब्दप्रयोग तर कीर्तनापासून विधिमंडळापर्यंत चालतात. भाषेने पत्ते घरात घेतले, प्रतिष्ठेने त्यांना ओसरीवरच ठेवले.

९/१८
आता ब्रिजकडे. एडमंड हॉइलने १७४२ मध्ये व्हिस्टवर पुस्तिका लिहिली. व्हिस्टमधून ब्रिज आणि त्यातून ऑक्शन ब्रिज निघाला. १९२५ च्या अखेरीस पनामा कालव्याकडे निघालेल्या ‘फिनलंड’ जहाजावर हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने गुणांची नवी पद्धत आजमावली. जेवढे हात करण्याची बोली लावली असेल, तेवढ्यांचेच मोल डावाच्या मुख्य हिशेबात धरायचे. ही अट आली आणि बोली हीच एक भाषा झाली. आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज तो हाच.

१०/१८
ही भाषा मोठी कृपण आहे. पाच शब्द (किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, नो ट्रम्प), सात आकडे आणि पास, डबल, रीडबल. एवढ्या सामग्रीत भिडूला आपल्या तेरा पत्त्यांचे वर्णन करायचे आणि प्रतिस्पर्ध्यांनीही ते ऐकायचे. तेरा पत्त्यांचे संभाव्य संच ६३,५०१ कोटींहून अधिक. शिवाय नियम असा, की भिडूंचा कोणताही संकेत गुप्त असता कामा नये. प्रतिस्पर्ध्याने विचारल्यास त्याचा अर्थ सांगावा लागतो.

११/१८
‘पण चांगले पत्ते आले की कोणीही जिंकेल’ हा नेहमीचा आक्षेप. त्याचे उत्तर १८५७ मध्ये लंडनमध्ये खेळल्या गेलेल्या डुप्लिकेट व्हिस्टमध्ये सापडते. एकदा वाटलेले पत्ते विस्कटायचे नाहीत. चारही हात बोर्डात जसेच्या तसे ठेवून पुढच्या टेबलावर पाठवायचे. प्रत्येक जोडी तेच पत्ते खेळते आणि तिची तुलना होते ती त्याच दिशेला, त्याच पत्त्यांवर खेळलेल्या इतर जोड्यांशी. क्लबातील साप्ताहिक स्पर्धा असो वा राष्ट्रीय अजिंक्यपद, पाया हाच.

१२/१८
उदाहरण घ्या. दहा टेबलांवर एकच बोर्ड खेळला गेला. पूर्व-पश्चिम जोडीचे पत्ते दुबळे होते. प्रतिस्पर्ध्यांनी दोन इस्पिकची बोली लावली. नऊ टेबलांवर त्यांनी नऊ हात केले आणि १४० गुण मिळवले. दहाव्या टेबलावर पूर्व-पश्चिमने अचूक बचाव करून त्यांना आठ हातांवर, ११० गुणांवर रोखले. त्या बोर्डावर हरूनही पूर्व-पश्चिममधील सर्वोत्तम जोडी तीच ठरते. पत्ते वाईट आले ही सबब येथे चालत नाही. दैव सर्वांना समान वाटून दिलेले असते.

१३/१८
कायद्यानेही हा भेद जाणला आहे. नाशिक ज्या मुंबई इलाख्यात होते, तेथील १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातच निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. पुढे १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ आहे, हे सांगताना न्या. हिदायतुल्ला यांनी दाखला दिला तो ब्रिजचा. पत्ते वाटण्यात जेवढा योगायोग ब्रिजमध्ये असतो, त्याच जातीचा रमीत आहे, असा तो युक्तिवाद. ब्रिजचे कौशल्य तेव्हा इतके निर्विवाद मानले गेले, की ते मोजपट्टी झाले.

१४/१८
याच निकालातील दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. पणावर चाललेल्या खेळातून क्लबचालक स्वतः नफा काढत असेल, तर गुन्हा ठरू शकतो, असेही न्यायालयाने म्हटले होते. २०२५ च्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्याने तर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत वा योगायोगाचे. कौटिल्यापासून आजपर्यंत फिरून मुद्दा तेथेच येतो. दोष पानात नसतो, पणात असतो. युधिष्ठिराने राज्य, भाऊ आणि द्रौपदी पणाला लावली नसती, तर सभापर्वातील तो डाव एक खेळ म्हणूनच विसरला गेला असता.

१५/१८
इंग्लंडचा दाखला उलट बाजूने दिला जातो. तेथील उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये ब्रिजला ‘स्पोर्ट’ मानण्यास नकार दिला. पण तो वाद अनुदानाचा आणि कराचा होता, नकाराचे कारण शारीरिक श्रमाचा अभाव हे होते. ब्रिजमधील बुद्धीवर त्यात शंका नव्हती. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची जागतिक ब्रिज महासंघाला १९९९ पासून मान्यता आहे. जकार्ता येथील २०१८ च्या आशियाई खेळांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. साठ वर्षांचे प्रणब बर्धन आणि छप्पन वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी पुरुष दुहेरीत भारताला सुवर्ण मिळवून दिले. पुढील आशियाई खेळांत, हांगचौ येथे, भारतीय पुरुष संघाने रौप्य जिंकले.

१६/१८
हा खेळ निष्कलंक आहे, असे म्हणणे खोटे ठरेल. १९६५ मध्ये ब्यूनॉस आयर्स येथे एका ब्रिटिश जोडीवर बोटांच्या खुणांचा आरोप झाला आणि त्यावर पुढे वर्षानुवर्षे वाद चालला. २०१५ मध्ये अनेक नामवंत जोड्या संशयाच्या भोवऱ्यात सापडल्या. मात्र खेळाने याला उत्तर दिले ते रचना बदलून. १९७५ च्या बर्म्युडा चषकात भिडूंच्या मधे पडदे आले. तोंडी बोलीच्या जागी बोलीची कार्डे आली, म्हणजे आवाजाच्या चढउतारातूनही काही कळू नये. स्वतःच्या सचोटीसाठी इतका खर्च करणाऱ्या खेळाला जुगाराच्या पंगतीत बसवणे अन्यायाचे आहे.

१७/१८
मग खरी चिंता कोणती? वय. सुवर्ण जिंकणारे दोघे साठीच्या आसपासचे होते, ही कौतुकाची गोष्ट तशी इशाऱ्याचीही. राष्ट्रीय हिवाळी स्पर्धेत रुइया आणि होळकर यांच्या नावाचे करंडक आजही खेळले जातात. त्यातील होळकरांचा रंगमहाल याच जिल्ह्यात चांदवडला उभा आहे. पण त्या करंडकांची नावे नाशिकच्या किती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ऐकली असतील? ज्यांनी ऐकली नाहीत त्यांचा यात दोष नाही. पत्ते म्हणजे व्यसन, हे त्यांना शिकवले गेले आणि त्याच वेळी त्यांच्या फोनवर पैशाच्या रमीच्या जाहिराती वर्षानुवर्षे झळकत राहिल्या. बंद दारातून विद्या गेली, उघड्या खिडकीतून जुगार आला.

१८/१८
बुद्धिबळात सारा पट डोळ्यांसमोर असतो. ब्रिजमध्ये अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागतो आणि दुसऱ्या माणसावर विश्वास ठेवावा लागतो. आयुष्य यातील कोणत्या खेळासारखे आहे, हे वेगळे सांगायला नको. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या या शहराला ज्ञानाची नवी खोली उघडणे अवघड नाही. शाळा-महाविद्यालयांत बुद्धिबळाच्या पटांशेजारी एक टेबल, चार खुर्च्या आणि बोर्डांचा एक संच ठेवावा. अट एकच असावी : पण नाही, पैसा नाही. मेंढीकोट येणारे मूल पहिल्या तासात हात मोजू लागेल. गंजिफा आपण भिंतीवर टांगली. ब्रिजचीही तीच गत करायची की तो खेळायचा, हे आता विशीतल्या पिढीने ठरवायचे आहे.