ब्रेकवरचा पाय

गौरी-गणपतींचे विसर्जन झाले त्या संध्याकाळी समोरच्या बिऱ्हाडातले काका एक कागद घेऊन आमच्याकडे आले. काकूंच्या डॉक्टरांनी दिलेला कागद होता तो. त्यावरच्या एका शब्दाखाली काकांनी पेन्सिलीने रेघ ओढली होती. "सर, तुम्ही भाषेचे. या शब्दाचा अर्थ तेवढा सांगा," ते म्हणाले. शब्द होता 'इम्युनोथेरपी'.

अर्थ सांगणे हा माझा धंदाच आहे. मी तत्काळ म्हणालो, "प्रतिकारशक्तीच्या साह्याने करायचा उपचार." काकांनी मान हलवली, पण ते उठले नाहीत. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "म्हणजे काय?"

प्रतिशब्द दिला म्हणजे अर्थ सांगितला असे होत नाही, हे मी दर जून महिन्यात वर्गात मुलांना बजावत असतो. ते माझ्यावरच उलटले. काकांना चहा दिला, दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचायला बसलो. वाचता वाचता जो माणूस सापडला, त्याच्याविषयी यंदा लिहितो आहे. फराळाच्या ताटाशेजारी कर्करोग कशाला, असे म्हणणाऱ्या वाचकांची क्षमा मागतो. पण यंदा ज्या घरात आकाशकंदील लावताना हात क्षणभर थबकणार आहे, असे एखादे घर आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचे असतेच.

या माणसाचे नाव जेम्स अ‍ॅलिसन. अमेरिकेत टेक्सास राज्यात अ‍ॅलिस नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९४८ साली त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर. तीन भावांत हा धाकटा. अकरा वर्षांचा असताना आई लिंफोमाने, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाने गेली. तिच्या अंगावर भाजल्यासारखे डाग पडलेले त्याने पाहिले होते. ते किरणोपचाराचे आहेत हे त्याला ठाऊक नव्हते, कारण त्या दुखण्याचे नाव घरात कुणी त्याच्यापुढे घेतलेच नव्हते. शेवटच्या घटकेला तिचा हात या पोराच्या हातात होता. पुढे घरातली आणखी दोन वडीलधारी माणसे याच रोगाने गेली, आणि २००५ साली सख्खा भाऊही.

मुलगा हट्टी होता. शाळेतल्या जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात डार्विनचे नाव नाही, म्हणून त्या वर्गाला बसायलाच त्याने नकार दिला आणि विद्यापीठाच्या टपाली अभ्यासक्रमातून तो विषय पुरा केला. आमच्या महाविद्यालयात असा विद्यार्थी आला, तर त्याच्या पालकांना बोलावणे जाईल.

आता मी साहित्याचा मास्तर. एवढी सामग्री हाती आल्यावर माझ्या डोक्यात कथानक तयार झालेच: आईच्या मरणाचा सूड घेण्यासाठी मुलाने आयुष्य वेचले! पण अ‍ॅलिसन हे कथानक आपल्याला लावू देत नाहीत. आपण कर्करोग बरा करायला निघालोच नव्हतो, शरीरातल्या टी पेशी कसे काम करतात याचे आपल्याला कुतूहल होते, असे त्यांनी नोबेल मिळाल्यावरही सांगितले. प्रथम मला हे थोडे कोरडे वाटले. पुढचे वाचल्यावर वाटले की कुतूहल होते म्हणूनच बरे. सुडाच्या घाईत हे हाती लागले नसते.

टी पेशी म्हणजे रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. त्या शरीरभर गस्त घालतात आणि परकी किंवा बिघडलेली पेशी दिसली की तिचा नाश करतात. ती ओळखायची कशाने? टी पेशीच्या पृष्ठभागावर एक रेणू असतो, तो शोधून काढणाऱ्यांत १९८२ साली अ‍ॅलिसन होते. पण नुसत्या ओळखीने टी पेशी कामाला लागत नाही. तिला दुसरीही एक खूण लागते. पहिली खूण ही मोटारीची किल्ली म्हटली, तर दुसरी अ‍ॅक्सिलरेटर.

तेवढ्यात तिसरा रेणू पुढे आला. त्याचे नाव सीटीएलए-४. १९८७ साली फ्रान्समध्ये सापडला होता. पण करतो काय, ते कुणाला ठाऊक नव्हते. दिसायला अ‍ॅक्सिलरेटरसारखा, म्हणून हा दुसरा अ‍ॅक्सिलरेटरच असणार, असे काहींनी ठरवून टाकले. बर्कलीच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलिसन यांना आणि शिकागोला जेफ्री ब्लूस्टोन यांना उलटेच आढळले. हा ब्रेक होता. ज्या उंदरांत हा रेणू मुळातच नव्हता, ते तीन-चार आठवड्यांत मेले. त्यांच्या टी पेशींनी त्यांच्याच अवयवांवर हल्ला चढवला होता. तेव्हा ब्रेक हवाच. पण कर्करोगाची गाठ वाढत असताना या पेशी शांत बसतात, त्या ब्रेकवर पाय आहे म्हणून तर नव्हे?

त्याआधीची कित्येक वर्षे लोक अ‍ॅक्सिलरेटर दाबीत होते. लसी झाल्या, उत्तेजक द्रव्ये झाली. गाडी घुरघुरे, पण फारशी पुढे जात नसे. अ‍ॅलिसन यांनी ठरवले की आपण ब्रेक दबू द्यायचा नाही.

१९९४ सालच्या अखेरीस त्यांनी आपल्या प्रयोगशाळेतल्या डॅना लीच यांना एक प्रयोग करायला सांगितले. गाठी असलेल्या काही उंदरांना ब्रेक अडवणारे प्रतिद्रव्य टोचायचे, काहींना नाही. टोचलेल्यांच्या गाठी विरल्या. निकाल इतका चोख होता की अ‍ॅलिसन यांचा विश्वास बसेना. ताबडतोब पुन्हा करा, म्हणाले. पण नाताळची सुट्टी लागली होती आणि लीच यांना प्रवासाला जायचे होते. तेव्हा उंदरांना टोचून तुम्ही जा, गाठी मी मोजतो, असे ठरले. कोणत्या पिंजऱ्यात टोचलेले उंदीर आहेत, हे त्यांनी जाणूनबुजून माहीत करून घेतले नाही. सुट्टीत रिकाम्या प्रयोगशाळेत येऊन हे गृहस्थ गाठी मोजत बसले. दरेक पिंजऱ्यात गाठी वाढतच होत्या. प्रयोग फसला असे त्यांना वाटले. मग एके दिवशी निम्म्या पिंजऱ्यांतल्या गाठींची वाढ मंदावली, नंतर थांबली, आणि गाठी आक्रसू लागल्या.

१९९६ साली हा शोधनिबंध छापून आला, आणि औषध कंपन्यांचे उंबरठे झिजवणे सुरू झाले. उंदरांचा कर्करोग काय, पुष्कळांनी बरा केला आहे, अशी उत्तरे मिळत. शेवटी मेडारेक्स या लहान कंपनीने ते काम हाती घेतले. माणसांवरच्या चाचण्या जवळून पाहता याव्यात म्हणून अ‍ॅलिसन २००४ साली न्यूयॉर्कला एका कर्करोग संस्थेत गेले. तेथे नवेच संकट उभे राहिले. काही रोग्यांच्या गाठी आधी वाढत आणि मग ओसरत. जुन्या मोजपट्टीप्रमाणे वाढलेली गाठ म्हणजे फसलेले औषध! अशाच दुसऱ्या एका औषधाची चाचणी २००८ साली एका मोठ्या कंपनीने सोडूनही दिली. अ‍ॅलिसन यांच्या बाजूच्या लोकांनी धीर धरला. गाठ किती इंच झाली हे बाजूला ठेवून माणूस किती दिवस जगला, ते मोजायचे ठरले.

निकाल २०१० साली आला. शरीरभर पसरलेल्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका भयंकर कर्करोगाच्या रोग्यांचे मध्यमान आयुष्य ६.४ महिन्यांवरून १० महिन्यांवर गेले. साडेतीन महिन्यांसाठी एवढा खटाटोप, असे मला वाटले. मात्र खरी गोष्ट त्या आकड्यात नाही. सुमारे एकपंचमांश रोगी तीन वर्षांनंतरही जिवंत राहिले, आणि त्यांतले बहुतेक पुढे दहा वर्षांपर्यंतही. मार्च २०११ मध्ये अमेरिकेत हे औषध, इपिलिमुमॅब, मंजूर झाले. त्या आधीच एका तरुण रोगी बाईची तपासणी निर्दोष आली, तेव्हा डॉक्टरांनी अ‍ॅलिसन यांना बोलावून घेतले होते. तिने त्यांना घट्ट मिठी मारली. आपण बरी केलेली व्यक्ती ते प्रथमच पाहत होते.

२०१८ चे नोबेल त्यांना आणि जपानच्या तासुकु होन्जो यांना मिळून मिळाले. होन्जो यांनी क्योतो येथे १९९२ साली पीडी-१ हा दुसरा ब्रेक शोधला होता. (अ‍ॅलिसन माउथ ऑर्गन उत्तम वाजवतात आणि विली नेल्सन या प्रसिद्ध गायकाबरोबर रंगमंचावर बसले आहेत. त्यांच्या पत्नी पद्मनी शर्मा स्वतः याच विषयातल्या डॉक्टर, गयानातल्या भारतीय वंशाच्या.)

हे सगळे मी काकांना सांगितले. काकांनी अठ्ठावीस वर्षे एस. टी. चालवली आहे, हे मी विसरलो होतो. ते म्हणाले, "म्हणजे ब्रेकच्या पेडलखाली लाकडाचा ठोकळा सरकवायचा." यापेक्षा अचूक वर्णन मला कुठल्याही पुस्तकात सापडले नव्हते. मी खूष झालो. पण काका खूष नव्हते. "सर, घाटात ब्रेक लागला नाही तर काय होते, ते मला विचारा."

त्यांची शंका रास्त होती. मोकाट सुटलेल्या टी पेशी आतडी, यकृत, त्वचा, थायरॉइड यांवर उठतात. कधी ते जिवावर बेतते. पुष्कळ रोग्यांना या उपचाराचा काही उपयोगही होत नाही. हे मी लपवले नाही.

मग त्यांनी पैशांचे विचारले. २०११ साली अमेरिकेत इपिलिमुमॅबच्या चार मात्रांची किंमत १,२०,००० डॉलर होती. हा आकडा मी काकांना सांगितला नाही. सांगितले ते आपल्या परळचे. काकूंचे दुखणे तोंडाचे; माहेरी लहानपणी लागलेली मिशेरी त्यांना कधी सुटली नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डोके व मानेच्या वाढलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांची पाहणी २०२२ साली प्रसिद्ध केली. होन्जो यांच्या ब्रेकला अडवणारे निव्होलुमॅब हे औषध रूढ प्रमाणात दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात. येथे स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम दिले. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. महागड्या औषधाला भिऊन हात जोडून न बसता, थोडक्यात भागते का हे कुणीतरी मोजून पाहिले, याचे मला नोबेलइतकेच कौतुक वाटते.

काकांनी दोन्ही आकडे एस. टी.च्या जुन्या डायरीत लिहून घेतले. "शंभरातले त्रेचाळीस," ते म्हणाले. "बाकीचे सत्तावन्न?" मी गप्प राहिलो.

काकूंच्या डॉक्टरांनीही कमी मात्रेचेच ठरवले आहे. हे लिहीपर्यंत दोन सुया झाल्या. काकूंना तिखट चालत नाही, तरी यंदाच्या चकलीची भाजणी आपल्या हातची हवी, असा त्यांचा हट्ट आहे. परवा दुपारभर जिन्यात तिचा वास दरवळत होता. तपासणी भाऊबीजेनंतरच्या सोमवारी आहे.