निदानपरिवर्जन कोणी करावयाचे?

टेंभुर्णीसारख्या उजनीकाठच्या गावांतील मालट्रकचालकांच्या मेदोवृद्धीवर केवळ गुग्गुळ देऊन भागेल, असे आम्हांस वाटत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, अतिस्थौल्याच्या हेतूंमध्ये अतिभोजनाबरोबर अव्यायाम व दिवास्वाप यांचीही गणना आहे. परंतु पुणे-सोलापूर महामार्गावर रात्रभर गाडी हाकणाऱ्याने दिवसा निजू नये, तर निजावे केव्हा? ती झोप चैन नव्हे, नोकरीची अट होय. म्हणून सलग रात्रीच्या खेपा टाळण्याचा भार मालकाने उचलावा. गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यापुढे रांगेत जाणारा वेळ चालण्यास वापरणे, धाब्यावर तर्रीऐवजी भाकरी-भाजी मागणे (सोलापूर जिल्ह्यात ज्वारीची काय वाण!), एवढेच चालकाच्या हाती. वैद्यांनी रक्तशर्करा व रक्तदाब तपासावाच. शिवाय घोरणाऱ्या स्थूल चालकास जागेपणी पेंग येत असल्यास झोपेत श्वास अडखळतो काय, याची तपासणी औषधयोजनेपूर्वी करवून घ्यावी.