आदेश पोहोचतो, अडचण पोहोचत नाही

वर्धा जिल्ह्यात आष्टी असो वा समुद्रपूर, आशा स्वयंसेविकेचे काम आता मोबाइलवरच्या सूचनांनी बांधलेले आहे. सिकलसेल तपासणी, गरोदर मातांची नोंद, लसीकरण... प्रत्येकाची माहिती ‘आजच’ हवी असते. आदेश क्षणात खाली उतरतो. घराला कुलूप आहे, माणसे कापूस वेचायला गेली आहेत, रेंज नाही, ही अडचण मात्र तितक्या वेगाने वर चढत नाही.

हा तुटलेला संवाद राज्याने मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा गौरव केला. दीड वर्षातच, ऑक्टोबर 2023 मध्ये, महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या. त्यांच्या मोबदल्यात 7 हजार रुपयांची वाढ जाहीर झाली. पण लेखी आदेश न निघाल्याने जानेवारी 2024 मध्ये पुन्हा संप झाला. मार्चमध्ये निर्णय झाला, तो 5 हजारांचा. मागणी पैशांची होतीच. पण दिलेला शब्द आणि निघालेला कागद यांतल्या अंतराने विश्वासही गेला.

याचा आरोग्याशी थेट संबंध आहे. ब्रिटनमधील दहा हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात, स्वतःच्या कामाबाबत ज्यांना फारसे ठरवता येत नव्हते, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले. धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब धरूनही हा फरक उरला. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी केलेल्या शिफारशींत अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा समावेश केला.

कर्मचारी गप्प राहिला, तर त्याची किंमत रुग्णही मोजतो. शस्त्रक्रियेच्या सुरक्षा तपासणी यादीची चाचणी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत झाली. 2009 मध्ये निष्कर्ष आले: मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले होते. त्या यादीत औषधे आणि उपकरणे होती, तशीच एक साधी गोष्टही होती. प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे. एकदा तोंड उघडलेली परिचारिका, चूक दिसली तर सर्जनलाही थांबवू शकते.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात 1969 पासून डॉक्टर घडवताना गावात जाऊन लोकांचे ऐकण्यावर भर आहे. तोच नियम आपल्या हाताखालच्या माणसांना का लावू नये? त्यासाठी अनुदान लागत नाही. आदेशासोबत त्याचे कारण द्यावे. मासिक बैठकीत आधी आशा आणि परिचारिकांनी बोलावे, अधिकाऱ्यांनी शेवटी. चूक एकांतात सांगावी, ग्रुपवर नव्हे. तातडी नसेल तर रात्रीचा संदेश सकाळपर्यंत थांबवावा. आणि ‘का झाले नाही?’ याऐवजी ‘काय अडले?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नावर सबब मिळते, दुसऱ्यावर माहिती. साथीच्या दिवसांत गावातली खरी माहिती वेळेत वर पोहोचणे, हाच पहिला उपचार असतो.