पाकीट त्यांचं, दोष आईचा

'बायांनी पाकिटावरचं वाचून खरेदी करावी' हा सल्ला हल्ली आरोग्य शिबिरांत सर्रास दिला जातो. तो कुणाला दिला जातो, कोणत्या भाषेतलं वाचायला सांगितलं जातं, याचा विचार सल्ला देणारे करत नाहीत. मी जोगेश्वरी पूर्वेच्या वस्त्यांमध्ये काम करते. मेघवाडीपासून प्रेमनगरपर्यंत किराणा दुकानांच्या दारात, शाळेच्या फाटकापाशी पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. सकाळी सातला सीप्झला निघणारी किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई पोराच्या हातावर पाच रुपये ठेवते, कारण तेवढ्या वेळात दुसरं काही करून देणं तिला जमण्यासारखं नसतं. या बाईला आपण लेबल वाचायला सांगतो.

काय असतं त्या लेबलावर? कायद्याने मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत हवा. मराठी, उर्दू, तमिळ घालणं ही कंपनीची मर्जी. प्रत्यक्षात बहुतेक पाकिटांवर इंग्रजीच, तेही मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत. मिठाला तिथे मीठ म्हणत नाहीत, सोडियम म्हणतात, आणि ते मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. आकडे बहुधा १०० ग्रॅमचे, पुडी वीस-पंचवीस ग्रॅमची. टक्केवारी २,००० कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाच्या हिशेबाने, आणि खाणारं पोर चार वर्षांचं. एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मलाही हा हिशेब करायला कागद लागतो. शिवाय १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान पुडीवर पोषणाची माहिती नसली तरी कायद्याला चालतं. ती बाहेरच्या मोठ्या खोक्यावर असली म्हणजे झालं. खोकं दुकानदाराकडे राहतं. जितकं गरीब गिऱ्हाईक, तितकी कमी माहिती!

आणि मग पोराचे दात किडले, वजन बिघडलं की उलटतपासणी बाईची. एका दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्यासमोर एका आईला झापलं, "हे काय खायला घालता याला? लिहिलेलं वाचत नाही का?" बाप शेजारीच उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या, आणि २४ टक्के जादा वजनाच्या. वस्तीत काम करणारीला याचं नवल वाटणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच घरात, कधी एकाच बाईच्या अंगात दिसतात. पोट भरतं, रक्त वाढत नाही.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, हा मध्यमवर्गाचा प्रश्न आहे, आधी रेशनचं बोला. रेशनचं बोलायचंच आहे. पण मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांसोबत लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायांनी तेलाचा भाव विचारला, तो स्वयंपाकघराचा प्रश्न राजकारणाचा आहे हे ओळखूनच ना? मग त्या तेलात तळलेलं काय विकलं जातंय हे विचारणं कमी प्रतीचं कसं?

१९९२ चा बाळदुधाचा कायदा आठवा. डब्यावर आईचं दूधच सर्वांत चांगलं असं छापणं सक्तीचं झालं, बाळाचं किंवा बाईचं चित्र छापायला बंदी आली, जाहिरातीलाही आली. त्या कायद्याने आईला 'नीट वाच' म्हटलं नाही, कंपनीला 'हे छापू नकोस' म्हटलं.

आज मात्र उलटी गंगा. सप्टेंबर २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पाकिटावर अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे देण्याचा मसुदा काढला. साखर-मिठामुळे गेलेले गुण त्यात सुकामेवा, प्रथिनं, तंतू घालून भरून काढता येतात. तारा म्हणजे शाबासकी. दीड तारा मिळालेली पुडीसुद्धा काहीतरी कमावल्यासारखी दिसणार. चिलीने २०१६ पासून 'साखर जास्त', 'मीठ जास्त' असे काळे अष्टकोन पुढच्या बाजूला छापायला लावले, सोबत शाळेतली विक्री आणि मुलांना भुलवणाऱ्या जाहिराती बंद केल्या. पहिल्या टप्प्यातच अशा गोड पेयांची खरेदी जवळजवळ २४ टक्क्यांनी घटली. आपल्याकडे ९ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला, तज्ज्ञ समितीने तीन महिन्यांत शिफारशी द्याव्यात, असं सांगावं लागलं. पुढे मुदत वाढवून घेण्यात आली. बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात विकू नका, असं केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना बजावलं ते एप्रिल २०२४ मध्ये, कारण कायद्यात असा प्रकारच नाही. तोवर किती आयांनी पोटाला चिमटा घेऊन ते डबे आणले असतील!

म्हणून बायांना लेबल वाचायला शिकवणाऱ्या शिबिरांना आपण आता सरळ नकार द्यावा असं माझं मत आहे. आपली मागणी काळ्या खुणेची असावी: पुढच्या बाजूला, निरक्षर बाईलाही कळेल अशी, शब्द असतील तर मराठीतही, आणि सर्वांत लहान पुडीवरसुद्धा. शाळेच्या फाटकासमोरची विक्री हा वेगळा लढा, तो पालिकेशी.

आमच्या मंडळाने वस्तीतल्या रिकाम्या पुड्या गोळा करायला सुरुवात केली आहे. त्या निवेदनासोबत प्राधिकरणाकडे जातील. तुमच्या गटानेही पाठवाव्यात. पुडीवर आपल्या वस्तीचं नाव आणि किती रुपयांना घेतली ते लिहा. मागची बाजू फाटू देऊ नका.