भिंतीवरचे पद आणि हातातले काम

प्रेरणादायी व्याख्यानांत एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून १९५३ साली बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी फक्त तीन टक्क्यांनी आपली ध्येये कागदावर लिहून ठेवली होती. वीस वर्षांनी पाहिले, तर या तीन टक्क्यांची मालमत्ता उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांच्या एकूण मालमत्तेपेक्षा जास्त भरली. हे ऐकले की सभागृहात भराभर वह्या उघडतात. अडचण एवढीच, की असा अभ्यास कधी झालाच नाही. येलनेच शोधाशोध करून तसे सांगितले आहे. तरी गोष्ट मरत नाही, कारण आपल्याला जे ऐकायचे असते तेच ती सांगते. डोळ्यांसमोरचे चित्र स्वच्छ असले की वाट आपोआप सापडते, हा दिलासा फुकटात मिळाला तर कोणाला नको असेल?

प्रत्यक्ष झालेले अभ्यास मात्र जरा वेगळे बोलतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांनी शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या तरुणांकडे पाहिले, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. मनासारखी नोकरी लागल्याची सुखचित्रे जे अधिक रंगवत होते, त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्यांचे देकार कमी आले आणि दोन वर्षांनी त्यांचा पगारही कमी निघाला. चित्र रंगवतानाच थोडेफार समाधान पदरात पडते आणि मग खटपटीची धार बोथट होते, असा त्यांचा तर्क. दुसऱ्या बाजूला एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या संशोधकांचे कित्येक वर्षांचे काम सांगते, की ‘जमेल तितके कर’ असे मोघम सांगण्यापेक्षा नेमके आणि अवघड लक्ष्य समोर ठेवले तर माणूस अधिक करून दाखवतो. दोन्ही खरे धरले, तर स्पष्टता हवी हे ठरलेच. ती कशाबद्दल हवी, हा खरा प्रश्न उरतो. माझे म्हणणे असे, की ती मुक्कामाच्या चित्राबद्दल नसावी, कामाबद्दल असावी. आपल्याला काय व्हायचे आहे यापेक्षा काय बदलायचे आहे हे ज्याला नेमके ठाऊक असते, त्याला रोजचे निर्णय घेता येतात. त्यातला अर्ध्याहून अधिक भाग नकार देण्याचा असतो.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. शंभरी ओलांडलेले भारतरत्न म्हणून आपण त्यांना शाळेच्या भिंतीवर टांगून ठेवले, ही गोष्ट वेगळी. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या एका विधवेशी पुनर्विवाह केला. मुरूड या त्यांच्या गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली. पण लग्न होईल त्या एकीची सुटका होते, बाकीच्या परावलंबीच राहतात, हे त्यांच्या लवकर ध्यानात आले. म्हणून १८९६ मध्ये विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम उभा राहिला. मग कर्व्यांनी एक गोष्ट केली, जी सुधारक मित्रांना रुचली नाही: आश्रमाला त्यांनी पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने दूर ठेवले. इथे मुली पाठवल्या की त्यांची लग्ने लावून देतात, असा बोभाटा झाला असता तर कोणत्या बापाने लेक पाठवली असती? ज्या कामासाठी बहिष्कार सोसला, तेच मागे ठेवायचे, हे हट्टी माणसाला जमत नाही. बाईने स्वतःच्या पायावर उभे राहावे, एवढे एक वाक्य ज्याच्या डोक्यात पक्के असते त्याला जमते.

पुढचे सगळे याच वाक्याने ठरत गेले. पुण्यात प्लेगचे दिवस होते, तेव्हा १९०० मध्ये आश्रम हिंगण्याला हलला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेली सहा एकर जमीन, साडेसातशे रुपये आणि एक झोपडी. गावापासून चारेक मैल, वाट चिखलाची. कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि काम आटोपले की पायी हिंगण्याला जात. एक तपशील मला विशेष वाटतो: त्यांनी नोकरी सोडली नाही. १८९१ पासून १९१४ पर्यंत ते शिकवत राहिले. नोकरीवर लाथ मारून स्वप्नामागे धावण्याचा सल्ला देणाऱ्यांना हे जरा गैरसोयीचे जाईल. विद्यापीठाची कल्पनाही त्यांच्या मूळ आराखड्यात नव्हती. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका १९१५ मध्ये त्यांच्याकडे आली, ती चाळून त्यांनी बाजूला ठेवली. त्या वर्षअखेरीस मुंबईला भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आले, भाषणाची तयारी सुरू झाली, तेव्हा कुठे ती पुन्हा हातात घेतली गेली. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात पाच विद्यार्थिनी. विठ्ठलदास ठाकरसींचे पंधरा लाखांचे दान पुढे १९२० मध्ये मिळाले आणि कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९५१ उजाडले. अठ्ठावन्नाव्या वर्षी हाती लागलेली ही गोष्ट तिशीतल्या कोणत्या वहीत लिहून ठेवता आली असती?

यावर कोणी म्हणेल, यशस्वी माणूस निवडून त्याचे गोडवे गाणे सोपे आहे. असाच ध्यास घेऊन फसलेल्यांचे काय? आक्षेप रास्त आहे. येलच्या त्या कथेचाही दोष हाच, ती फक्त जिंकलेल्यांकडून ऐकली जाते. म्हणून कर्व्यांच्या यशाकडे पाहू नये. हाती पाच विद्यार्थिनी असताना आणि सरकारमान्यता नसताना त्यांनी काय धरले, काय सोडले, तेवढे पाहावे. विद्यापीठ बंद पडले असते तरी शिकून बाहेर पडलेल्या बायकांचे शिक्षण वाया गेले नसते. कामाची स्पष्टता असली तर अपयशातही काही शिल्लक राहते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. एकाच्या ध्यासाची किंमत दुसरे कोणी मोजते. कर्व्यांनी आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. घरात पोरे, आणि उद्याची तरतूद गेली म्हणून पत्नी बाया यांचा जीव किती जळला असेल, याचा अंदाज ‘माझे पुराण’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचून येतो. प्रत्येक ध्येयवेड्या पुरुषाच्या चरित्रासोबत असे एक पुस्तक हवे होते. शिवाय एका कामावर नजर रोखली की बाकीचे दिसेनासे होते. आश्रम बराच काळ मुख्यतः उच्चवर्णीय विधवांपुरता राहिला. समता संघ कर्व्यांनी काढला तो १९४४ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. स्पष्टतेला हे मोल पडतेच. ते कोणाच्या पदरी पडणार आहे, हे घरच्यांशी आधी बोलून घ्यावे एवढेच म्हणता येते. कर्व्यांनी ते पुरेसे केले, असे दिसत नाही.

आता पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांकडे वळू. खानावळीचा डबा, सामायिक खोली, टेबलासमोर चिकटवलेला कागद आणि त्यावर पद: जिल्हाधिकारी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला दहा लाखांवर अर्ज आले आणि अखेर १०१६ जणांची शिफारस झाली. खुल्या गटाला सहा प्रयत्न आणि बत्तीस वर्षांची मर्यादा. या मुलांना ध्येय नाही असे कोण म्हणेल? उलट तेवढे एकच आहे. पण ते पदाचे आहे. पद मिळाले नाही की ऐन उमेदीची वर्षे हिशेबातून वजा होतात. ‘गरिबाच्या पोराला पगार हवा, तुमची कामाची तत्त्वे तुमच्यापाशी ठेवा,’ हे उत्तर मला मान्य आहे. स्थिर पगारासाठी नोकरी हवी असणे यात काहीही उणे नाही. मग तसेच स्पष्ट म्हणावे, म्हणजे तलाठी, लिपिक, बँक, खासगी नोकरी हे सगळे दरवाजे एकदम खुले दिसतात आणि कितव्या प्रयत्नानंतर थांबायचे हा हिशेब भावनेविना करता येतो. आणि ज्याला खरोखरच गावातल्या जमिनीच्या नोंदींचा घोळ किंवा पाण्याचे वाटप सुधारायचे आहे, त्याच्यासाठी जिल्हाधिकारीपद हा अनेक मार्गांपैकी एक आहे. वकिली, पत्रकारिता, ग्रामपंचायत, पाणीवापर संस्था हेही आहेतच. शिकवणी वर्गांच्या फलकावर उत्तीर्णांचे फोटो झळकतात, हा त्यांचा व्यवसाय आहे. पण प्रवेश देताना विद्यार्थ्याला ‘हे पद तुला कशासाठी हवे?’ असे लेखी विचारणारा आणि ते उत्तर तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी त्याच्यासमोर पुन्हा ठेवणारा वर्ग निघाला, तर त्याची फी सत्कारणी लागली असे मी म्हणेन.